बोळा पांढरा येईपर्यंत

वहिनींनी काडी फिरवली, टोकाचा कापसाचा बोळा उजेडाकडे धरला. बोळा अजून पिवळसरच होता.

समोर कंगव्यांचं जुनं मशीन उभं होतं. एके काळी ते पोहण्याच्या तलावावर, कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर असायचं. नाणं टाकून खालची मूठ ओढली की कागदात गुंडाळलेला एक कंगवा खालच्या खाचेत येऊन पडायचा. मशीनचं पुढचं दार पत्र्याचं आणि सायीच्या रंगाचं. त्यावर कुणा पेंटरने हाताने एक बाई काढलेली होती. ओले केस खांद्यावरून पुढे घेऊन ती विंचरत होती, पायाखाली पाण्याचं थारोळं, आणि तिच्या खाली निळी मोठी अक्षरं. कंगवा घेणाऱ्या माणसाच्या हाताला तेल असणारच. वर्षानुवर्षं असे तेलकट हात त्या दारावर टेकले होते, त्यावर धूळ बसली होती, आणि सगळ्याचं मिळून एक चिकट, तपकिरी कातडं तयार झालं होतं. ते कातडं काढायचं, पण खालच्या रंगाला धक्का लावायचा नाही, एवढंच वहिनींचं काम.

दाराचा वरचा अर्धा भाग त्यांच्या हिशेबाने कधीच व्हायला हवा होता. पण बोळा काही पांढरा येईना.

या कारखान्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत, कारण मालक त्यांचे धाकटे दीर होते. दिरांच्या तोंडून ऐकून फिटरही वहिनी म्हणू लागला, मग चहावाला, मग गिऱ्हाइकं. पाठ फिरली की त्याच बोळेबाई व्हायच्या, हे त्यांना ठाऊक होतं. त्यात त्यांना राग येण्यासारखं काही वाटत नसे.

वहिनी मूळच्या रफूवाल्या. फाटलेल्या कोटाला असा दोरा शोधून द्यायच्या की कोटवाल्यालाच भोक सापडत नसे. पांढऱ्यातही किती पांढरे असतात हे त्यांच्याकडून ऐकावं: चुन्याचा पांढरा, दुधाचा, तांदळाच्या पेजेचा, जुन्या दाताचा. पुढे लोक फाटलेले कपडे टाकून नवे घेऊ लागले आणि रफूचं दुकान बंद पडलं. त्याच सुमाराला दिरांनी जुनी नाण्याची मशीनं दुरुस्त करायचा कारखाना काढला. पहिल्याच मशीनवर एक पोपट रंगवलेला होता. फिटरने त्याच्यावरची काजळी काढायला थिनरमध्ये चिंधी बुडवली आणि एका फटक्यात पोपट पुसला. उरली ती चोच. वहिनी त्या दिवशी दिरांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती चिंधी पाहिली, ती चोच पाहिली, आणि म्हणाल्या, "हे काय भांडं आहे घासायला?" दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या त्या आल्याच.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. मग दार आडव्या उजेडात धरून रंग कुठे सुटलाय, कुठे पापुद्रा उभा राहिलाय ते बघायचं आणि तिथे हातच लावायचा नाही. मग दाराच्या आतल्या कडेला, नाण्यांच्या पेटीमागे, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी प्रत्येक रंगाची वेगळी परीक्षा. लाल टिकला म्हणून निळा टिकेल असं नसतं. त्यानंतर शुद्ध पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, त्यात बोळा बुडवून पिळून घ्यायचा, आणि घासायचा नाही, नुसता लाटायचा, पोळीवर लाटणं फिरावं तसा. लगेच कोरड्या बोळ्याने टिपायचं. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ द्यायचं नाही. भांड्यांची पावडर, काथ्या, सँडपेपर यांना बंदी, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि त्याची धूळ छातीत जाते. आणि तेलकट मळ साबणाला दाद देईना तर शेवटचा उपाय, थुंकी. बोळा जिभेवर ओला करायचा, एकदाच, आणि वापरलेला बोळा परत तोंडाशी न्यायचा नाही. दीर गिऱ्हाइकांना सांगत, आमच्या वहिनींचं एक खास द्रावण आहे. वहिनी मान खाली घालून कामाला लागत.

या सगळ्यावर एक नियम होता आणि तो त्यांनीच घालून दिलेला: बोळा पांढरा येईपर्यंत. ज्या क्षणी पांढरा आला त्या क्षणी थांबायचं. त्यापुढे एक वळसासुद्धा रंगाच्या जिवावरचा.

एरवी दाराच्या आत झाकलेला मूळ रंग बघून त्या कुठे थांबायचं ते ताडायच्या. या मशीनने तीही सोय ठेवली नव्हती. कुणा हौशी रखवालदाराने आतून जाड हिरवा रंग फासून ठेवला होता. कडेला निळ्याची आणि काळ्याची परीक्षा घेण्यापुरती जागा मिळाली, सायीच्या रंगाचा मात्र मूळ तुकडा कुठेच नव्हता. तेव्हा भिस्त सगळी बोळ्यावर. बाईच्या हाताभोवती त्या पुनःपुन्हा फिरत राहिल्या. काल तिथेच, परवा तिथेच. डोळ्यांत तेल घालून काम करणारी बाई म्हणून त्यांचं नाव, आणि हा एवढासा कोपरा त्यांना झोपू देईना.

त्या सकाळी त्यांनी कोऱ्या बोळ्यांच्या स्टीलच्या पेल्यातला एक बोळा उचलला आणि त्या चरकल्या. हा वापरलेला इथे कसा आला? वापरलेल्यांचा झाकणाचा डबा वेगळा होता. त्यांनी दुसरा उचलला. तोही पिवळट. तिसरा. सगळा पेला तसाच.

"कापूसच भिकार निघाला," त्या म्हणाल्या. फिटर मशीनच्या पोटात हात घालून बसला होता. तो म्हणाला, कापूस तर नेहमीच्याच दुकानातला आहे. वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करून चपला घालून निघाल्या आणि औषधांच्या दुकानातून नवं पुडकं घेऊन आल्या. दुकानदाराला दोन शब्द सुनावूनही आल्या. पुडकं फोडलं. तोही कापूस तसाच. मग त्यांना दिव्याचा संशय आला. दिरांना सांगून त्यांनी वरची ट्यूब बदलून घेतली. नव्या ट्यूबखाली बोळा धरला आणि तसाच खाली ठेवला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," फिटर सहज बोलून गेला. एरवी वहिनींनी त्याला त्याच्या पोपटाची आठवण करून दिली असती. आज दिली नाही. त्यालाच ते जास्त लागलं असावं, कारण जरा वेळाने त्याने न मागता चहा आणून ठेवला.

घरी परतताना त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रस्त्यात त्या उगाचच पांढऱ्या वस्तू बघत चालल्या होत्या. दवाखान्याची भिंत, दुधाच्या पिशव्या, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे. सगळं काही जुन्या पेपरासारखं दिसत होतं. पण रस्त्यावरच्या वस्तू स्वच्छ असतील याची खात्री कोण देणार? त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ती पटली नाही.

यजमान मित्राकडे निघायच्या तयारीत आरशासमोर उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा. वहिनी दारातच थांबल्या.

"अहो, हा सदरा तुम्हाला कसा दिसतो?"

"निळा," यजमान म्हणाले.

"पांढरा आहे तो."

"होता." त्यांनी कॉलर नीट केली. "गेले कित्येक महिने तू मला आभाळ करून सोडलंयस. बनियन निळे, रुमाल निळे, उशांचे अभ्रे निळे. शेजारी विचारत होते, कुठल्या पक्षात गेलात."

वहिनींना आठवलं. कपडे पिवळे पडलेले दिसतात म्हणून त्या धुताना नीळ वाढवत गेल्या होत्या. आधी चिमूट, मग दोन, मग चमचा.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, तुम्हाला रंगातलं काय कळतं. लग्न झाल्यापासून तेच ऐकतोय." ते हसत होते. मग त्यांनी वहिनींकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं. "अगं, माझा मोतीबिंदू काढला तेव्हा आठवतंय? पट्टी निघाली आणि मी विचारलं, घराला रंग कधी दिला. तू पोट धरून हसली होतीस. भिंती त्याच होत्या."

वहिनी खाटेवर बसल्या. यजमानांना वाटलं ऑपरेशनची भीती. ते म्हणाले, काही दुखत नाही, दहा मिनिटांचं काम, आपण उद्याच डॉक्टरांना दाखवू. वहिनी मान हलवत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांपुढे डोळे नव्हतेच. होतं ते दार. बोळा कधीच पांढरा आला असेल, कोण जाणे किती दिवसांपूर्वी, आणि त्यानंतरही त्या वळसे देतच राहिल्या होत्या. पुसला गेलेला रंग परत येत नाही. रफू उसवता येतं, हे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या व्यवस्थापक बाई मशीन बघायला यायच्या होत्या. दुरुस्तीनंतर तलाव पुन्हा उघडायचा होता आणि हे मशीन प्रवेशद्वाराशीच उभं करायचं ठरलं होतं. दीर सकाळपासून झाडू मारून घेत होते. वहिनी रोजच्या वेळी आल्या, ॲप्रन बांधला, मशीनसमोर बसल्या आणि हातमोजे घालून नुसत्याच बसून राहिल्या. दार त्यांना अजूनही मळकट दिसत होतं. आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणजे मग ठेवायचा तरी कशावर, हे त्यांना समजेना. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. डाव्याने दार थोडं उजळ दिसत होतं, उजव्याने चहात बुडवल्यासारखं. तेवढ्याने त्यांच्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली आणि पाचावर धारण बसली.

कुणाला तरी विचारायलाच हवं होतं. दिरांना विचारलं असतं तर ते तिथेच घाबरून बसले असते. उरला फिटर, ज्याला त्या आजवर लोखंडाच्या डोळ्यांचा म्हणत आल्या होत्या.

"फिटर, जरा इकडे ये. तुझी बॅटरी आण."

त्याला वाटलं कुठे खिळा अडकलाय. वहिनींनी त्याच्या हातात भिंग दिलं आणि म्हणाल्या, "या बाईचा हात बघ. काय दिसतं ते सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

तो गुडघ्यांवर बसला. बॅटरी आडवी धरून बराच वेळ बघत राहिला. एवढा वेळ त्याने कधी कुठल्या रंगाकडे पाहिलं नसेल.

"वहिनी, हे तर केव्हाच स्वच्छ झालंय."

"ते मला माहीत आहे. पुढे बोल."

"कंगव्याचे दात आहेत ना, हातातल्या... शेवटचे काही पुसट झालेत. बाकीचे काळे आहेत, हे राखाडी." तो थांबला. "आणि मनगटाजवळ लाल दिसतंय. तिळाएवढं."

"मळ नाही?"

"नाही. खालचं तांबडं अस्तर."

वहिनींनी हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं: कापूस, ट्यूब, निळे सदरे. त्याने हसावं अशी त्यांची जवळजवळ इच्छा होती. तो हसला नाही.

"मी पोपट पुसला तेव्हा तुम्ही मला थांब म्हणायला होतात," तो म्हणाला. "चोचीपुरतं का होईना. मला सांगायचं होतंत, मी बसलो असतो बघत." मग त्याने आवाज खाली आणला. त्याच्याकडे सायीच्या आणि काळ्या रंगाच्या डब्या होत्या, बारीक ब्रश होता. तिळाएवढा ठिपका, दातांवर चार रेघा. दुपारपर्यंत वाळेल. "झाकली मूठ, वहिनी. कोण भिंग घेऊन येणार आहे?"

वहिनींना मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. दिरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, कारखान्याचं नाव आलं, आणि आपण यापुढे घरी बसून यजमानांचे सदरे निळे करत राहू हेही आलं. ब्रशच्या चार रेघांनी हे सगळं टळत होतं. पण त्यांनीच किती मशीनांवरून असे चोरटे ठिपके शोधून काढले होते आणि ते देणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. मूळ पेंटरचा हात कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, हे पुढच्या माणसाला कसं कळणार?

"ठेव त्या डब्या," त्या म्हणाल्या.

दिरांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तो तरी वहिनींना पांढरा दिसला असावा. ते आधी दाराकडे गेले, मग खिडकीकडे, मग परत दाराकडे. "वहिनी, आज नको," ते म्हणाले. "आज त्यांना नुसतं बघून जाऊ दे. मेण लावल्यावर उठून दिसेल सगळं. नंतर मी बोलतो." वहिनी म्हणाल्या, भाऊजी, नंतर सांगितलेलं लपवलेलंच असतं. दीर खुर्चीत बसले आणि नखं खाऊ लागले. लहानपणी लागलेली ही सवय वहिनींनीच कडुलिंबाचा रस लावून सोडवली होती.

व्यवस्थापक बाई आल्या. उंच, घाईत असलेल्या, हातात छत्री. दार बघून त्यांचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, लहान असताना त्यांनी या मशीनमधून कंगवा घेतला होता आणि ही बाई त्यांना फार सुंदर वाटायची. कौतुक मध्येच तोडून वहिनी म्हणाल्या, "बाई, मला एक सांगायचं आहे. हिच्या हातातल्या कंगव्याचे दात माझ्या हाताने पुसट झालेत. मनगटाशी तिळाएवढा रंग गेला आहे. मला नीट दिसत नव्हतं आणि ते मला कळलं नाही."

व्यवस्थापक बाईंनी छत्री खाली ठेवली आणि वाकून बघितलं. फिटरने बॅटरी धरली. वरच्या ट्यूबचा आवाज ऐकू येत होता.

"आणखी जाईल का?" त्यांनी विचारलं.

"हात लावला नाही तर नाही."

"आणि खालचं कोण करणार आहे?"

दिरांनी घाईने काहीतरी बोलायला सुरुवात केली. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. आपल्याला समितीला विचारावं लागेल, असं म्हणून त्या चहा न घेता गेल्या. जाताना छत्री विसरल्या आणि ती घ्यायला परत आल्या, तेव्हाही वहिनींकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस वहिनींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं आणि यजमान म्हणाले होते तेच सांगितलं: दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला, आधी तो काढायचा. तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याची. घरी आल्यावर त्यांनी निळीची पुडी यजमानांच्या हाती दिली आणि म्हणाल्या, आता तुम्हीच घाला. यजमानांनी ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि त्या आठवड्यात कपडे बिनानिळीचेच वाळले. फोन वाजला की वहिनींच्या काळजात धस्स होई. वाजला नाही तरी होई.

शेवटी दीर स्वतः घरी आले. तलावाकडून निरोप होता: वरच्या भागाला कुणी हात लावू नये, ठिपकाही देऊ नये. खालचं काम पुरं करावं, कारण उघडायचा दिवस जवळ आला आहे आणि दुसरं कुणी मिळणार नाही. पण वहिनींच्या शेजारी बघायला दुसरं माणूस बसलं पाहिजे. "त्या म्हणाल्या, समितीत दोघांचा विरोध होता," दीर म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती. पण दीर असेच, पोटात काही राहत नाही.

तर आता दोघं बसले. वहिनी स्टुलावर, फिटर खाली पाटावर. हात वहिनींचे, डोळे त्याचे. वहिनींनी बोळा लाटायचा, उजेडाकडे धरायचा, आणि त्याने रंग सांगायचा. त्याच्याकडे रंगांना शब्द फारसे नव्हते. पहिला बोळा तो म्हणाला, "ग्रीस." दुसरा, "कडक चहा." मग "दुधाचा चहा." वहिनी चिडल्या, म्हणाल्या, नीट सांग, पिवळा की तपकिरी. तो म्हणाला, मला जे दिसतं ते सांगतोय, तुम्हाला पाहिजे ते नाही. वहिनींनी पुढचा बोळा लाटला. थोड्या वेळाने त्यांनाच त्याची भाषा कळू लागली.

थारोळं निघालं. निळ्या अक्षरांतली पहिली दोन निघाली. मग बाईचं पाऊल आलं, साऱ्या चित्रातला सगळ्यात नाजूक भाग, बोटांवर गुलाबी रंगाचा एक अगदी पातळ हात दिलेला. बोळा ओला केला, पिळला, लाटला.

"फिका चहा," फिटर म्हणाला.

दुसरा.

"चहाचा कप विसळलेलं पाणी."

तिसरा बोळा त्यांनी उजेडाकडे धरला. फिटर पुढे वाकला, बॅटरीचा झोत बोळ्यावर टाकला, मग पावलावर, मग परत बोळ्यावर.

"थांबा," तो म्हणाला.

वहिनींनी पावलाकडे पाहिलं. त्यांना ते मळकटच दिसत होतं, अंगठ्यापाशी तर स्पष्ट, ओशट, पिवळं. एक वळसा, फक्त एक, आणि ते उजळलं असतं. बोटं काडीभोवती घट्ट झाली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या नजरेवर एक दोरासुद्धा ओवला नव्हता.

"तुला नक्की पांढरा दिसतोय?"

"नक्की."

"अंगठ्यापाशी बघ."

त्याने बघितलं. "तिथेही."

वहिनींनी त्या पिवळ्या पावलाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी बोळा डब्यात टाकला, झाकण लावलं, कोरड्या बोळ्याने पाऊल टिपलं, आणि स्टूल पुढच्या अक्षराकडे सरकवलं.